बोटे माझी, हवा काकांची

गेल्या गुरुवारी आमच्या वसाहतीतील गजानन महाराजांच्या मंदिरात मी अकॉर्डियनवर पेटी वाजवली. हे वाक्य वाचायला जितके विचित्र वाटते तितकाच तो प्रसंगही विचित्र होता. मात्र त्याचा दोष अकॉर्डियनकडे जात नाही आणि माझ्याकडे तर मुळीच जात नाही.

माझी ३९ पट्ट्यांची पेटी मे महिन्यात नेहमीप्रमाणे आजारी पडली. नागपुरात दिवसा पंचेचाळीस अंशांची कोरडी भट्टी आणि रात्री कूलरची ओली हवा, या दोहोंच्या कात्रीत सापडलेले लाकूड जे करते तेच तिने केले. मध्य सप्तकातला पंचम खाली जाऊन बसला तो वर येईना. दुरुस्ती करणाऱ्यांनी सलग तीन आठवडे ‘पुढच्या आठवड्यात नक्की’ असे सांगितले. भजन तर दर गुरुवारी असते. तेव्हा कॉलेजच्या ऑर्केस्ट्राच्या दिवसांपासून माळ्यावर पडून असलेला १२० बटनांचा अकॉर्डियन मी खाली काढला आणि त्यावर भजनाची साथ बसवण्याचा निश्चय केला.

हे काम वाटते तितके सोपे नाही, आणि ते कोणी विचारले नाही म्हणूनच मी येथे सांगणार आहे. पेटीचा बाहेरचा भाता हवा आत ढकलतो, आतला स्प्रिंगवर बसलेला दुसरा भाता ती साठवून ठेवतो आणि सुरांना संथपणे पुरवतो. त्यामुळे वादकाने मध्येच चष्मा सावरला तरी षड्ज ढळत नाही. अकॉर्डियनमध्ये असा साठा मुळीच नसतो. डावा हात ओढील किंवा दाबील तेवढीच हवा, आणि दिशा बदलली की सूर तुटतो. म्हणून मी तीन आठवडे घरच्यांचे टोमणे खात, आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात दर दोन आवर्तनांनी समेच्या, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या मात्रेच्या, अगदी आधी, गायकाच्या श्वासाच्या आडोशाने भाता उलटवण्याचा सराव केला. शिवाय यात पट्ट्या उभ्या असतात. खर्ज हनुवटीपाशी आणि तार सप्तक गुडघ्यांच्या दिशेला, म्हणजे सूर चढवायचा तर हात उतरवावा लागतो, आणि तोही न पाहता. डावीकडच्या १२० बटनांपैकी भजनाला दोनच पुरतात, सा आणि प, व ती सुदैवाने एकमेकांच्या शेजारी असतात. उरलेली ११८ मी उगाचच छातीवर वागवतो. यंत्राचे वजन अकरा किलो आहे.

त्यातून नागपूरचे ऊन. अकॉर्डियनचे धातूचे सूर लाकडी ठोकळ्यांवर मेणाने बसवलेले असतात आणि फार तापले तर ते मेण मऊ पडते. म्हणून त्याला गोधडीत गुंडाळून मी सूर्यास्तानंतर ऑटोने मंदिरात नेले. ऑटोवाल्याने गोधडीकडे पाहून ‘पेशंट आहे का?’ असे आस्थेने विचारले. त्या संध्याकाळी मला मिळालेली आस्था एवढीच.

मंदिरात पहिल्या रांगेत पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका बसतात. त्यांना संगीतात गती नाही, परंतु व्यवस्थेत आहे. मी पट्टे खांद्यावर चढवून उभा राहिलो तोच ते म्हणाले, ‘‘भाऊ, हे काय घालून राहिले?’’

‘‘अकॉर्डियन आहे, काका. पेटीसारखाच वाजतो.’’

‘‘पेटीसारखा वाजते तर पेटीसारखा बसत काहून नाही? देवासमोर सगळे बसले आहेत आणि तुम्ही एकटे बँडवाल्यासारखे उभे!’’

मी खुर्चीवर बसतो म्हणालो. महाराजांपेक्षा उंच आसन त्यांना मान्य नव्हते. मी मांडी घालून पाहिले, तर भाता उघडला की डावा गुडघा आड येई. ‘‘विदेशी आहे ना, त्याले मांडी जमत नाही,’’ असा निकाल काकांनी दिला, तेव्हा माझा संयम सुटला. पेटीही आपल्याकडे युरोपातूनच आली, तिचा मूळ अवतार १८४० च्या सुमारास पॅरिसमध्ये झाला, अकॉर्डियनचे पेटंट त्याच्याही आधी १८२९ मध्ये व्हिएन्नात घेतले गेले, आणि आकाशवाणीने तर १९४० मध्ये पेटीला बाहेर काढले ते १९७१ पर्यंत आत घेतले नाही, असे सगळे मी एका दमात सांगून टाकले. काकांनी ते शांतपणे ऐकून घेतले.

‘‘असेल बाप्पा. पण आपली पेटी बसते.’’

यावर काय उत्तर आहे? इतिहास माझ्या बाजूला होता आणि बैठक त्यांच्या. तेवढ्यात त्यांचे लक्ष गेले, की खाली ठेवला तर अकॉर्डियन बटनांच्या बाजूच्या चार बुटक्या पायांवर उभा राहतो आणि पट्ट्या अगदी पेटीसारख्या वरच्या बाजूला येतात. ‘‘हे पाहा! बसला ना? आता तुम्ही फक्त बोटं सांभाळा, हवा माझ्याकडे.’’

हवा त्यांच्याकडे म्हणजे काय, हे मला अभंग सुरू झाल्यावर कळले. काका अकॉर्डियनचे खांद्यावरचे पट्टे दोन्ही हातांत धरून, विहिरीतून पोहरा शेंदावा तसे सुरांच्या पट्ट्यांचे अख्खे धूड वर उचलत आणि मग सोडून देत. सूर ज्या जागी असायला हवा ती जागाच हातभर वर जाई आणि खाली येई. माझी बोटे तिच्यामागून नावेत बसल्यासारखी चालत. उचलताना आवाज कण्हल्यासारखा निघे आणि सोडल्यावर तेच धूड स्वतःच्या वजनाने खाली येत असल्यामुळे गायकाला दडपून टाकी. आवाज मृदू करणारा एकेरी सुराचा खटका (स्विच) मी आठवणीने लावला होता, त्याचा काही उपयोग झाला नाही. सा आणि प ही माझी दोन बटने तर आता जमिनीकडे तोंड करून सतरंजीवर पालथी पडली होती. अंतऱ्यात काकांना भक्तीचा जोर चढला आणि त्यांनी लय दुप्पट केली. तबलजी त्यांच्या मागे गेला, गायक तबलजीच्या मागे गेला, आणि तीन आठवडे समेच्या आधी भाता उलटवायला शिकलेला मी सम नेमकी कोठे गेली हे शोधत राहिलो.

लोकांना फार आवडले. पुढच्या रांगेतल्या आजींनी कडाडून टाळ्या वाजवल्या, त्या काकांकडे पाहून. भाता उलटवताना सूर तुटू नये म्हणून मी किती रात्री जागलो, हे सांगण्याची सोय आता उरलेली नव्हती, कारण भाता मी उलटवलाच नव्हता. घामाने निथळणाऱ्या काकांना कोणीतरी ताक आणून दिले. माझा सदराही ओला झाला होता, पण तो केवळ उकाड्याने, असे समजले गेले असावे. आरतीनंतर व्यवस्थापकांनी साथसंगतीचे श्रीफळ त्यांच्या हाती ठेवले आणि मला प्रसादाच्या रांगेत उभे राहायला सांगितले. उभे राहणे त्या संध्याकाळी मला प्रथमच कोणी मंजूर केले.

आज सकाळी पेटीवाल्यांचा फोन आला. पुढच्या आठवड्यात नक्की म्हणाले. त्यानंतर काकांचा आला. अकॉर्डियन बुधवारपर्यंत त्यांच्या घरी ठेवता येईल का, अशी विचारणा होती, कारण त्यांना हवेचा थोडा रियाझ करायचा आहे.