'सुरक्षेला धोका नाही' हे ठरवलं कुणी?

अणुभट्टीत बसवलेल्या पोलादाचे, केबलचे, इंधनाचे चाचणी अहवाल खोटे निघाले की लगोलग कंपनीचं निवेदन येतं. त्यात एक वाक्य हमखास असतं: 'सुरक्षेला कोणताही धोका नाही.' या वाक्याचा मला मनापासून राग येतो. चाचणी केलीच नसेल, किंवा करून आकडा बदलला असेल, तर धोका नाही हे कळलं कशावरून?

पोलाद अचानक बसलेला धक्का किती सोसतं हे मोजणारी चार्पी चाचणी घ्या. १० मिमी जाडीची, ५५ मिमी लांबीची चौकोनी कांडी, मधोमध २ मिमी खोल खाच. ती ठरलेल्या तापमानापर्यंत थंड करायची, बाहेर काढून काही सेकंदांच्या आत जागेवर ठेवायची आणि वरून लंबकाचा हातोडा सोडायचा. कांडी मोडायला किती ऊर्जा लागली ते ज्यूलमध्ये लिहायचं. काम एवढंच. पण अणुभट्टीच्या पात्राचं पोलाद वर्षानुवर्षं न्यूट्रॉनचा मारा खात हळूहळू ठिसूळ होत जातं, आणि ते पात्र काही बदलता येत नाही. तीस-चाळीस वर्षांनी त्यात किती दम उरेल याचा हिशोब पहिल्या दिवशीच्या आकड्यापासून सुरू होतो. तोच खोटा असेल तर पुढचं सगळं गणित हवेत.

ब्रिटनमधल्या सेलाफिल्डचं प्रकरण बघा. जपानच्या ताकाहामा अणुकेंद्रासाठी तिथे मॉक्स इंधनाच्या, म्हणजे युरेनियम आणि प्लुटोनियमच्या ऑक्साइडांच्या मिश्रणाच्या, गोळ्या बनत होत्या. प्रत्येक गोळीचा व्यास लेझरने आपोआप मोजला जायचा. त्यानंतर प्रत्येक लॉटमधल्या २०० गोळ्या काढून माणसांनी पुन्हा मोजायच्या, असा ग्राहकाचा नियम. काहींना ही दुसरी मोजणी निव्वळ कटकट वाटली असणार, कारण त्यांनी आधीच्या लॉटचे आकडे उचलून नव्या लॉटच्या तक्त्यात चिकटवले. १९९९ मध्ये गुणवत्ता विभागातल्याच कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन लॉटचे आकडे जरा जास्तच सारखे आहेत. जपानला पोचलेल्या इंधनात ही भानगड नाही, असं कंपनीने आधी छातीठोकपणे सांगितलं. डिसेंबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं. कंपनीच्या प्रमुखाला पद सोडावं लागलं आणि ते इंधन २००२ मध्ये जहाजाने परत ब्रिटनला आणावं लागलं.

यावर एक उत्तर मिळतं की गोळ्या तर चांगल्याच होत्या. लेझरची मोजणी झाली होती, इंधन वापरण्याजोगं आहे असं नियामकांचंही मत होतं. मला हे मान्य आहे. खोट्या कागदाखालचा माल दर वेळी वाईटच असतो असं नाही. पण मग फ्रान्सकडे बघा. ल क्रूझोच्या फोर्जिंग कारखान्यात, म्हणजे तापवलेलं पोलाद दाबून-ठोकून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, १९६५ पासूनच्या सुमारे ४०० भागांच्या कागदपत्रांत गडबड असल्याचं २०१६ मध्ये बाहेर आलं. फेसेनहाइमच्या दुसऱ्या अणुभट्टीतल्या एका वाफजनित्राचं फोर्जिंग कागदावर लिहिलं होतं तसं झालेलंच नव्हतं. भट्टी जून २०१६ पासून एप्रिल २०१८ पर्यंत बंद राहिली. नव्याने तपासणी झाली, हिशोब झाले, आणि भाग चालेल असं ठरलं. म्हणजे माल चालण्याजोगा होता, तरी जवळजवळ दोन वर्षं गेली. कागदावरचा विश्वास गेला की चांगला मालसुद्धा चांगला आहे हे नव्याने सिद्ध करावं लागतं.

दक्षिण कोरियात तर केबल चाचणीत नापास झाल्या होत्या आणि अहवालात पास दाखवल्या. साध्यासुध्या केबल नाहीत. अपघातात वाफ, उष्णता, दाब यांचा मारा होत असताना सुरक्षा यंत्रणेपर्यंत संकेत पोचवण्याचं काम त्यांचं. मे २०१३ मध्ये हे उघड झालं, शिन-कोरी आणि शिन-वोलसाँगच्या भट्ट्या बंद कराव्या लागल्या, ऐन उन्हाळ्यात वीजटंचाई झाली. ऑक्टोबरपर्यंत १०० जणांवर आरोप ठेवले गेले.

मात्र मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं ते अमेरिकेतलं टॅकोमाचं प्रकरण. नौदलाच्या अणुपाणबुड्यांसाठी ओतीव पोलाद बनवणाऱ्या तिथल्या कारखान्यात धातुतज्ज्ञ बाईंनी १९८५ पासून २०१७ पर्यंत नापास आकडे पास केले. उणे १०० अंश फॅरनहाइटला चाचणी घेण्याची अटच त्यांना मूर्खपणाची वाटत होती, असं त्यांनी तपासात सांगितलं. अट पटत नसेल तर नौदलाला लिहा, वाद घाला, ती बदलून घ्या. पण सुरक्षेसाठी जादा राखून ठेवलेली ताकद परस्पर खर्च करण्याचा अधिकार माल विकणाऱ्याला नाही. ती पाणबुडीत बसणाऱ्याची आहे, अणुकेंद्राशेजारी राहणाऱ्याची आहे.

इथेही ही लबाडी पकडली ती त्याच प्रयोगशाळेत त्यांची जागा घ्यायला तयार होत असलेल्या सहकाऱ्याने. सेलाफिल्डलाही आतल्याच माणसाने. म्हणून माझं म्हणणं असं की नुसते शिक्के आणि सह्या वाढवून काही होणार नाही. यंत्रावर उमटलेला मूळ आकडा कुणाचा हात न लागता थेट ग्राहकाकडे गेला पाहिजे. थोडे नमुने दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासले गेले पाहिजेत, आणि कोणते ते कारखान्याने ठरवायचं नाही. 'हे आकडे जुळत नाहीत' म्हणणाऱ्याची नोकरी सुरक्षित राहिली पाहिजे. आणि चाचणी करणाऱ्याचा साहेब व माल वेळेवर पाठवण्याची जबाबदारी असलेला साहेब, ही एकच व्यक्ती असता कामा नये.