खाटेवरून दिसणारी भिंत

मिरजेतल्या माझ्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सॲप गटावर महिनाभर एक वाद चालू आहे. रुग्णालयांच्या भिंती चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडून रंगवून घ्याव्यात, असे एकाने सुचवले आणि लगेच उत्तर आले, 'आधी औषधे पुरवा, मग चित्रे काढा.' औषधांचा तुटवडा असताना चित्रांवर पैसा घालू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र चित्र म्हणजे केवळ शोभा, असे दोन्ही बाजूंनी गृहीत धरलेले पाहून लंडनमध्ये बसलेल्या मला राहवत नाही.

दोन वर्षांपूर्वी आई मिरजेच्या एका खासगी रुग्णालयात नऊ दिवस होती. तिच्या खाटेसमोर गुडघेबदल शस्त्रक्रियेची जाहिरात होती, उघडा सांधा दाखवणारी, आणि शेजारी दरपत्रक. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "बाळा, उशी पायथ्याकडे घे रे, मला ते बघवत नाही." उशी फिरवली, तर सलाइनची नळी पुरेना.

अमेरिकी संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयातील, पित्ताशय काढलेल्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, त्यांना विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा तीव्र वेदनाशामके कमी लागली आणि ते लवकर घरी गेले. झाड म्हणजे चित्र नव्हे आणि ४६ हा आकडाही लहान आहे, पण रुग्णाला दिवसभर काय दिसते याचा उपचाराशी संबंध आहे, हे त्यातून पुढे आले. ब्रिटनमध्ये तर १९५९ पासून 'पेंटिंग्ज इन हॉस्पिटल्स' ही संस्था रुग्णालयांना चित्रे देत आली आहे. इथे वॉर्डातली चित्रे पुसता येतील अशी, भिंतीला पक्की बसवलेली असावी लागतात, कारण जंतुसंसर्गाचा विचार आधी करावा लागतो.

तरीही इथली हिरवी कुरणे मिरजेत नेऊन टांगू नयेत. जतहून किंवा अथणीहून आलेल्या माणसाला ज्वारीचे शिवार ओळखीचे वाटेल. शिवाय सतार-तंबोरे घडवणारे कारागीर ज्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तिथे डायलिसिसच्या चार तासांत रुग्णाच्या कानावर टीव्हीच्या मालिकाच का पडाव्यात? मंद तंबोरा ऐकवता येईल. फक्त तो बंद करण्याचे बटण रुग्णाच्या हाती हवे. कला आणि आरोग्य यांची ही सांगड परकी मानण्याचेही कारण नाही. शेजारच्या सातारा जिल्ह्यात, औंधच्या टेकडीवर १९३८ मध्ये चित्रसंग्रहालय उभारणारे तिथले संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारकही.

काय रंगवावे, हे मात्र आधी रुग्णांना आणि परिचारिकांना विचारावे. मी सुरुवात आईपासून केली. २०१९ च्या पुरात तिच्या सांगलीतल्या माहेरघरात छातीभर पाणी होते. ती फोनवर म्हणाली, "हरिपूरचा संगम काढायला सांग. पण पाणी उतरलेलं दाखवा, घाटाच्या पायऱ्या दिसू देत."