एरर नंबर 28

डिस्क निम्मी रिकामी, आणि तरी 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. सर्व्हर सांभाळणाऱ्याला पगार मिळतो तो या एका वाक्यासाठी, असं माझं मत आहे. शनिवारी संध्याकाळी मॅनेजरांचा फोन येतो, "अहो, डिस्क फुल झालीये म्हणे!" मी डीएफ (डिस्कवरची मोकळी जागा दाखवणारी कमांड) मारून बघतो आणि निम्मी मोकळी असल्याचं सांगतो. "मग फाइल का बनत नाहीये?" प्रश्न रास्त असतो. उत्तर ऐकायला मात्र त्यांना वेळ नसतो.

ते उत्तर असं. युनिक्सच्या वळणाच्या फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या व्यवस्थेत, प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, म्हणजे तिच्या माहितीचं कार्ड. मालक कोण, परवानग्या काय, डेटा डिस्कच्या कुठल्या ब्लॉकांत (तुकड्यांत), हे सगळं त्यात. ईएक्सटी-4 या लिनक्सच्या फाइलसिस्टिममध्ये आयनोड किती, हे डिस्क फॉरमॅट करतानाच ठरतं. आपण काही बोललो नाही तर दर 16 केबीमागे एक. म्हणजे 20 जीबीला 13,10,720. ते संपले की जागा असूनही नवी फाइल बनत नाही. मंगल कार्यालयात बासुंदीची पातेली काठोकाठ, पण ताटं संपलेली, अशी गत होते. आमचं पीएचपी (वेबसाइट चालवणारी भाषा) तर साइटवर डोकावणाऱ्या प्रत्येकाच्या, अगदी बॉटच्याही (आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रामच्याही), नावाने एक सेशन फाइल, म्हणजे भेटीची नोंद, उघडतं. बहुतेक शून्य बाइटच्या. ताट घ्यायचं आणि जेवायचंच नाही!

ताटं वाढवायची तर कार्यालयच मोठं करा, असा ईएक्सटी-4 चा नियम. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम लागतील तसे आयनोड बनवते, पण सर्व्हर उभा करताना हे कोण विचारतं?

कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, कोड वाचला की त्याच्यावर रागावणं जड जातं. नव्या फाइलसाठी तो आधी तिच्या डिरेक्टरीच्याच ब्लॉक ग्रुपात (डिस्कच्या त्या भागात) शोधतो. तिथे नाही तर उड्या मारत पुढचे ग्रुप, तरीही नाही तर एकेक करून सगळे. ग्रुपाच्या बिटमॅपमध्ये (कुठला आयनोड घेतलेला, कुठला मोकळा याच्या तक्त्यात) शून्य दिसला की त्याचा एक करायचा, झालं वाटप. वरच्या पातळीवरच्या डिरेक्टऱ्या मात्र ऑर्लोव्ह नावाच्या प्रोग्रामरच्या पद्धतीने मुद्दाम लांब लांब टाकल्या जातात. (ऑर्लोव्ह एकत्र कुटुंबात राहिला असावा.) एवढी पायपीट करून हाती येतो एरर नंबर 28, म्हणजे तेच 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. ब्लॉक संपले तरी 28, आयनोड संपले तरी 28. 1975 सालचं सहाव्या आवृत्तीचं युनिक्स निदान कन्सोलवर 'आउट ऑफ आयनोड्स' असं छापून मोकळं व्हायचं.

आयनोड परत घेणं त्याहून नाजूक. आरएम (फाइल पुसायची कमांड) मारलं की फाइल गेली असं लोक समजतात. गेलेलं असतं फक्त नाव. लिंक (फाइलची नावं) शून्यावर आल्या तरी एखादी प्रोसेस (चालू प्रोग्राम) ती उघडून बसली असेल, तर आयनोड जागचा हलत नाही. मधेच वीज गेली तर घोळ नको, म्हणून असे आयनोड ऑर्फन लिस्टमध्ये टांगलेले असतात आणि त्यांचं उत्तरकार्य पुढच्या माउंटला (डिस्क पुन्हा जोडताना) उरकतं. क्रमही पाळायचा: मेमरीतला जुना आयनोड आधी साफ, बिट नंतर शून्य. उलट केलं तर तोच नंबर नव्या फाइलला मिळेल आणि डिस्कवरच्या एकाच जागेवर दोघे हक्क सांगतील. कोडमध्ये तशी ताकीद लिहून ठेवली आहे.

तर मी सेशनच्या डिरेक्टरीत गेलो आणि आरएम स्टार (म्हणजे सगळ्या फायली पुसा) मारलं. 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. पुसायच्या फायली इतक्या, की त्यांची यादीच कर्नल हातात घेईना. मग फाइंड या फायली शोधणाऱ्या कमांडला डिलीट जोडून सोडून दिलं आणि बिट एकेक करून शून्य होण्याची वाट बघत बसलो. इतक्यात पुन्हा फोन.

"किती जीबी मोकळे झाले?"

शून्य बाइटच्या लाखो फायली पुसून किती जीबी मोकळे होणार? मी खरं ते सांगितलं, "जवळजवळ काहीच नाही, सर."

"मग मघापासून तुम्ही करताय तरी काय?"