कितीले देता?

परवा गिऱ्हाईक गेल्यावर मी दार जरा जोरातच लावलं. शेजारच्या वहिनींनी खिडकीतून बघितलं. बघू देत.

हे गेल्यापासून हॉलमध्ये यांचा गाणी ऐकायचा व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, अॅम्प्लिफायर, तबकड्यांचं टर्नटेबल आणि माझ्या छातीएवढे उंच दोन स्पीकर बसून आहेत. फ्रीजपर्यंत जायचं तर मला अंग चोरावं लागतं. म्हणून विकायला काढलं. रावेरकडचा एक पोरगा आला. गुणी होता, तबकडी कडेला धरून उचलत होता. पण सोबत मामा होता.

मामा केळीचे व्यापारी. "साहेब गेले, लय वाईट झालं," असं म्हणून त्यांनी मान हलवली आणि मान थांबायच्या आत विचारलं, "हे सगळं कितीले देता?"

मी आकडा सांगितला. मामा उठले, स्पीकरपाशी गेले आणि टरबूज पारखावं तसं त्यावर बोटानं टकटक केलं. "किती वॅटचं?"

"अॅम्प्लिफायर तीस वॅटचा."

"तीसच? ताई, आमच्या ट्रॅक्टरवर त्याच्याहून जास्त हाये."

मी सांगितलं, वॅट दुप्पट केले तरी आवाज जेमतेम तीन डेसिबलनं चढतो. या खोलीत ऐकायला एक-दोन वॅट पुष्कळ होतात. मामांनी भाच्याकडे पाहिलं. ताईंना धक्का बसलेला दिसतो, असा चेहरा. मग त्यांनी अॅम्प्लिफायर उचलून बघितला. कमरेतून आवाज आला, त्यांच्याच. "वजन हाये! आत तांबं असंन." ट्रान्सफॉर्मर आहेत, तांबं असणारच. लगेच फोन काढून कुणाला तरी तांब्याचा भाव विचारला. तिकडे भाचा तबकडीवर टेकणाऱ्या सुईचा भार तपासत होता, पावणेदोन ग्रॅम, श्वास रोखून. इकडे मामा माझ्या संसाराचं क्विंटलात गणित मांडत होते. वर "ब्लूटूथ नाही का?" हेही झालं.

या ट्रान्सफॉर्मरवरून आठवलं. हे दीपनगरच्या वीज केंद्रात होते. सबंध महाराष्ट्राला वीज, आणि आमच्याकडे लोडशेडिंग. जी काही वीज यायची ती या काचेच्या व्हॉल्व्हना. भुसावळचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या पुढे, आणि हे म्हणायचे, कूलर बंद कर, त्याच्या घरघरीत तंबोरा ऐकू येत नाही. व्हॉल्व्ह तापायचे, खोली तापायची, मी तापायची. तंबोरा तेवढा थंड. तरी एल.पी. पुसायची मी, पाहुण्यांची पोरं सुईला हात लावतील म्हणून राखणीला मी, व्हॉल्व्ह गेला तर कुठला गेला हे आधी ओळखायची तीही मीच. उजव्या स्पीकरमधून तळणीसारखी चरचर यायला लागली की समजायचं.

मामांना यातलं काय सांगणार? ते म्हणाले, "ताई, तुम्हाले यातलं काय कळतं! पोराचा नंबर द्या, त्याच्याशी बोलून घेतो."

पोरगा पुण्याला. त्याला या यंत्राचं बटण कुठल्या बाजूला आहे हेही ठाऊक नाही. लहानपणी त्याला हात लावू दिला नाही, हा यांचा दोष. पण पुरुषमाणूस ना, म्हणजे व्यवहार त्याच्याशी. सांत्वन बाईचं करायचं आणि भाव मुलाशी ठरवायचा, ही आपल्याकडची रीत. बँकेत तेच, गॅसच्या नावबदलाला तेच. "घरात कोणी नाही का?" मी समोर उभी असते हो!

नंबर मी दिला नाही. मामांनी तो गावातून काढला. खान्देशात नंबर लपत नाही. काल रात्री चिरंजीवांचा फोन, "आई, ते मामा चांगले वाटतात गं. निम्म्यात देऊन टाक, जागा तरी होईल."

मी म्हटलं, मामांना सांग, भाव पाच हजारांनी वाढला. आणि पुढचा फोन तुला केला तर आणखी पाच.