‘पाचाऐवजी आठ थर रचा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

तासगावच्या बेदाणा व्यापाऱ्यांत आणि मिरजेकडच्या द्राक्ष निर्यातदारांत एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: न्हावा शेवा बंदरात जागा नाही हा बहाणा आहे. जहाजावर कंटेनर आठ-नऊ थर रचतात, मग यार्डात, म्हणजे बंदरातल्या डबे साठवायच्या मैदानात, पाचच का? आठ रचा, जागा दीडपट होईल. आणि तोवर माल चार दिवस आधी पाठवा, म्हणजे जागा पक्की.

कंटेनर नऊ थर पेलतो, हे खरं. दारावरच्या सीएससी प्लेटवर, म्हणजे सुरक्षा-मान्यतेच्या पाटीवर, बहुधा १,९२,००० किलोचा आकडा असतो, म्हणजे डोक्यावर २४ टनी आठ डबे. पण अडचण ताकदीची नाहीच. जहाजावर कुठला डबा कुठल्या बंदरात उतरणार हे ठरवूनच रचतात. यार्डात आयातीचा डबा न्यायला ट्रक कधी येईल, हे क्रेनवाल्याला माहीत नसतं.

आता दीडपटीचं गणित. आरटीजी, म्हणजे यार्डातल्या रबरी चाकांच्या क्रेनखाली साधारण सहा रांगा असतात. पाच थर धरले तर ३० जागा. पण तळाचा डबा काढायचा तर वरचे चार हलवायला चार जागा रिकाम्या लागतात. उरल्या २६. आठ थरांत ४८ पैकी सात रिकाम्या, उरल्या ४१. जागा वाढली, हे कबूल. पण पाचाच्या भरल्या ढिगात कुठलाही डबा मागितला तर त्याच्यावर सरासरी दोन असतात, आठाच्या ढिगात साडेतीन. म्हणजे एका डब्यासाठी तीन उचली लागायच्या तिथे साडेचार. क्रेन तीच, रांगेतले ट्रक दीडपट वेळ ताटकळणार. शिवाय पाच थरांची क्रेन आठ थर रचूच शकत नाही. तिची उंची ठरलेली असते. दुबईच्या जेबेल अलीत ११ मजली साठवण करून दाखवली आहे, पण तिथे प्रत्येक डबा पोलादी रॅकच्या स्वतंत्र कप्प्यात असतो, दुसऱ्या डब्यावर नव्हे.

द्राक्षांना तर या थरांचा काडीचा उपयोग नाही. रीफरला, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या कंटेनरला, जागेआधी वीज लागते. जितके प्लग तितकेच रीफर.

सगळ्यात घातक सल्ला ‘आधी पाठवा’ हा. १,००० जागांचं यार्ड सरासरी ७० टक्के भरलेलं धरा. डबा पाच दिवस थांबला तर वर्षाला ५१,१०० डबे निघतात. साडेतीन दिवस थांबला तर ७३,०००. एक थरही न वाढवता! चार दिवस आधी पोचलेला रीफर दुसऱ्याचा प्लग अडवतो, आणि हंगामात तो दुसरा आपल्याच तालुक्यातला असतो.

वजनाचंही तसंच. जड डबे जहाजात खाली जातात, म्हणून आधी चढतात. म्हणून यार्डात ते वर ठेवतात. बुकिंगला १८ टन सांगून व्हीजीएममध्ये, म्हणजे प्रमाणित वजनात, २५ टन निघाले, तर डबा चुकीच्या ढिगात बसतो आणि जहाज लागल्यावर उकराउकर होते. १ जुलै २०१६ पासून प्रमाणित वजनाशिवाय डबा जहाजावर चढत नाही, तेव्हा बेदाण्याचा डबा भरला की लगेच काट्यावर न्या आणि तोच आकडा फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवणी सांभाळणाऱ्या एजंटला, कळवा. उतरणीचं बंदर बदललं तर गेट-इनच्या, म्हणजे डबा बंदराच्या गेटातून आत जाण्याच्या, आधी सांगा. आणि गाडी सांगलीतून काढण्याआधी जहाजाची ताजी कट-ऑफ वेळ, म्हणजे बंदरात डबा पोचवायची शेवटची वेळ, विचारा; जहाज लांबलं असेल तर रीफर इथेच, जनरेटरवर किंवा कोल्ड स्टोरेजच्या विजेवर थांबवा.