काल तेरा पॉइंट

वाईच्या गणपती घाटावर संध्याकाळी आम्ही चार-पाच जण बसतो. समोर कृष्णा, शेजारी ढोल्या गणपती. परवा वाद पेटला तो आबांच्या एका वाक्यावरून. आबा वीसेक वर्षं स्वतःच्या गाडीतून मुंबई-पुण्याचे पाहुणे वर महाबळेश्वरला फिरवतात. पायरीवर टेकता टेकता म्हणाले, "काल एका दिवसात तेरा पॉइंट मारले. पार्टी खूश."

मास्तरांनी चहा खाली ठेवला. आयुष्यभर भूगोल शिकवलाय त्यांनी. "तेरा? आर्थर सीटला किती वेळ थांबलात?"

"पंचवीस मिनिटं. फोटो काढले, दरीत टाकलेलं बाटलीचं झाकण वाऱ्यानं वर येतं ते बघितलं, आन् निघाले. पुढं केट्स पॉइंट, नीडल होल, लिंगमळा, सगळंच होतं की."

"म्हणजे बघायचं ते राहिलंच," मास्तर म्हणाले.

आबा चिडले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पाहुणा एका दिवसासाठी येतो. बरोबर म्हातारी आई असते, लहान पोरं असतात. त्याला एका कठड्यापाशी चार तास बसवलं तर तो पुन्हा आबांना फोन करणार नाही. विल्सन पॉइंट १,४३९ मीटर उंचीवर, महाबळेश्वरातली सगळ्यांत उंच जागा, पण गाडी थेट जवळ जाते. "गुडघे गेलेल्या माणसाला तिथनं सूर्य उगवताना दिसतो. मास्तर, त्या आजीच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलंय. तिला काय पाणलोट शिकवू व्हय?"

यावर कोणी काही बोललं नाही. मला आबांचं पटलं होतं, आणि अजूनही पटतं.

पण मास्तर सोडणारे नव्हते. त्यांनी हातातला पेपर दुमडला आणि कौलारू छपरासारखा धरला. फक्त एक बाजू जवळजवळ उभी, दुसरी अगदी कमी उताराची. "ही वरची घडी म्हणजे आर्थर सीट. तिथं तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला जोर गावचं खोरं, आपल्या या कृष्णेचं. डाव्या हाताला सावित्रीचं, खोल आणि उघडंबोडकं. एकाच सरीतले दोन थेंब चार पावलांच्या अंतरावर पडले, तर एक अरबी समुद्राला जातो आणि दुसरा बंगालच्या उपसागराला. समुद्र कृष्णेच्या उगमापासून पश्चिमेला सरळ रेषेत ६४ किलोमीटरवर आहे. तरी ती तिकडं पाठ फिरवते आणि १,४०० किलोमीटर चालून आंध्रात समुद्राला भेटते. का?"

"दख्खनचं पठार पूर्वेला कलतं म्हणून," आमच्यातला धाकटा म्हणाला. तो पुण्यात शिकतो, सुट्टीला आला होता.

"बरोबर. पण अर्धंच. सावित्री थोड्याशा अंतरात हजार मीटरपेक्षा जास्त खाली उतरते. एवढा उतार म्हणजे पाण्याला दात फुटतात. ते कडा खालून खात खात मागं सरकवतं. म्हणजे ही घडीसुद्धा जागेवर नाही, फार सावकाश आपल्याकडं सरकतीय. सावित्री कृष्णेच्या माहेरचा उंबरा कुरतडतीय म्हण. पंचवीस मिनिटांत हे सांगून होईल, पण दिसायला वेळ लागतो."

मला इथे माझं सांगावंसं वाटलं. लहानपणी वडिलांबरोबर सगळे पॉइंट एका दिवसात बघितले होते. आठवतंय काय, तर घोडा आणि भाजलेलं कणीस. मग काही वर्षांपूर्वी मार्च महिन्यात केट्स पॉइंटला एकटाच गेलो आणि सकाळपासून दुपारपर्यंत बसून राहिलो. खाली धोम-बलकवडीचं पाणी, पलीकडे कमळगड. आधी सगळं निळसर, सपाट दिसत होतं. ऊन वर आलं तशा डोंगरांच्या सोंडा सुट्या झाल्या, मग सोंडांमधल्या घळी, मग घळींच्या तोंडाशी वाड्या आणि त्यांची खाचरं. दुपारी लक्षात आलं की जिथे जिथे वाडी आहे, तिथे तिथे वरून पाण्याची एक घळ उतरलेली आहे. एकही वाडी उगाच बसलेली नाही. मी ज्या घाटावर पोहायला शिकलो त्याचं पाणी कुठून कुठून गोळा होऊन येतं, ते पहिल्यांदा सलग दिसलं. त्या दिवसानंतर मी वर गेलो की एकच जागा निवडतो.

"आणि पंचगंगेच्या देवळात बारा महिने पाणी कुठनं येतं?" धाकट्याने विचारलं. क्षेत्र महाबळेश्वरच्या त्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री यांचे प्रवाह आहेत हे आम्ही सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. पण मे महिन्यातसुद्धा ते का आटत नाहीत, हे मीही कधी विचारलं नव्हतं.

मास्तर यावर खूश झाले. वरच्या पठारावर जांभ्याचं झाकण आहे आणि खाली काळा कातळ, ते सांगू लागले. जांभा सच्छिद्र. साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, त्यातला बराच तो पिऊन टाकतो. जांभ्याच्या बुडाशी चिकणमातीसारखा थर, तिथं पाणी अडतं आणि कडेकडेनं झऱ्याच्या रूपानं बाहेर पडतं. पावसाळा संपल्यावरही पठार महिनोन् महिने पाझरत राहतं. म्हणून वर जांभा फोडून, सपाट करून बांधकाम झालं की नुसतं दृश्य बिघडत नाही, खालच्या वाडीचा झरा आटतो. महाबळेश्वर-पाचगणी २००१ साली इको-सेन्सिटिव्ह झोन म्हणून, म्हणजे बांधकामावर बंधनं असलेला संवेदनशील पट्टा म्हणून जाहीर झालं, त्यावर आमच्याकडे खूप कुरकुर झाली. मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. पाहुण्याला दरी दाखवायची म्हणून दरीचं पाणी तोडायचं, हे मला मान्य नाही.

आबा इतका वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, तुमची ती घडी माणसानं कधीच ओलांडलीया. मी कोयनानगरला गाड्या नेतो. कोयना हितनं निघती, दक्षिणेला डोंगराला समांतर जाती, हेळवाकला पूर्वेला वळती, आन् कराडला कृष्णेला भेटती. ही झाली देवानं आखलेली वाट. पण शिवसागरातलं, म्हंजे कोयना धरणातलं पाणी बोगद्यानं पश्चिमेला पोफळीला पडतंय, वीज करतंय आन् वाशिष्ठीतनं चिपळूणकडं जातंय. पूर्वेचं पाणी पश्चिमेच्या समुद्राला! ते दाखवायला कुठला पॉइंट हाय?"

मास्तर हसले, मनापासून. "हे तू गाडीत सांगतोस?"

"कुणी विचारलं तर सांगतो."

"विचारायची वाट नको बघू."

मग नावांवरून थोडं झालं. आर्थर सीटला पूर्वी मढी महाल म्हणत, केट्स पॉइंटला नाके खिंड. धाकट्याचं म्हणणं, पाट्यांवर जुनी नावंही हवीत. यावर कोणाचं दुमत नव्हतं, त्यामुळे विषय लगेच संपला.

पोलादपूरकडच्या ताई आमच्यात बसतात. लग्न होऊन वाईत आल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांचं माहेर त्या कड्याच्या पायथ्याशी, सावित्रीच्या अंगाला. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"दादा, तुम्ही सगळे वरूनच बोलताय," त्या म्हणाल्या. "वरून दरी रिकामी दिसते. त्यात आमचं घर आहे."

जुलै २०२१ चा विषय त्यांनीच काढला. २२-२३ तारखेला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. आम्ही इकडे कृष्णेचं वाढतं पाणी बघत होतो. तिकडे ते पाणी काही तासांत उभ्या कड्यावरून उतरलं, महाड बुडालं. त्याच पावसात महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली. २०१६ च्या ऑगस्टमध्ये महाडजवळचा सावित्रीवरचा जुना पूल रात्री वाहून गेला तेव्हाही त्यांच्या माहेरी कोणी झोपलं नव्हतं.

"मास्तर म्हणतात ना, पाण्याला दात फुटतात. ते आम्ही बघितलेत," ताई म्हणाल्या. "आमच्याकडून आर्थर सीट वेगळी दिसत नाही. नुसती भिंत दिसते, आणि पावसाळ्यात तिच्यावर पांढऱ्या रेघा. आम्ही पोरं ओट्यावर बसून रेघा मोजायचो. सात-आठ असल्या तर आजी काही बोलायची नाही. रेघा एकमेकींत मिसळून मोजता येईनाशा झाल्या, की ती उठायची. तांदळाचा डबा माळ्यावर, मग गोधड्या, मग देव. गुरं सोडायला आजोबा आधीच गेलेले असायचे. हवामानाचा अंदाज आमच्याकडे रेडिओवर नंतर यायचा."

घाटावर दिवे लागले होते. कोणी काही बोलेना. मास्तरांनी पेपरची घडी मोडून तो गुंडाळून ठेवला.

आबांनी विचारलं, "ताई, त्या ओट्यापर्यंत गाडी जाती का?"

"पोलादपूरला आंबेनळी घाट उतरायचा, मग आत वळायचं. शेवटचं थोडं चालावं लागतं."

"किती?"

"तुमच्या त्या आजीला झेपणार नाही," ताई म्हणाल्या. "पण रस्त्यावरूनही दिसतात रेघा. पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या अलीकडे एक वळण आहे, तिथं गाडी बाजूला घेता येते."

आबांनी खिशातून डायरी काढली आणि ते वळण नीट विचारून लिहून घेतलं.