साठ कॅरेट आणि पाऊण टन : पिंपळगावच्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया झोंबणारी आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून खाली चार ओळींत न उरकता इथे सविस्तर लिहितोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मागच्या लेखात मी टाटाच्या एस प्रो ईव्हीबद्दल, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या मालगाडीबद्दल, लिहिलं होतं आणि ओघात अमेरिकेतल्या स्लेट या साध्या इलेक्ट्रिक ट्रकचंही नाव घेतलं होतं. त्यावर पिंपळगाव बसवंतच्या या दादांचं म्हणणं असं, की हे खेळणं आहे. त्यांच्या छोट्या हत्तीत (जुन्या टाटा एसमध्ये) टोमॅटोचे साठ कॅरेट (प्लास्टिकचे क्रेट) बसतात, हिच्यात बसणार नाहीत. पेट्रोलवालीपेक्षा अडीच लाख जास्त मोजायचे, एका चार्जला १५५ किलोमीटरची रेंज कागदावरच बघायची आणि कसारा घाटात दम तोडायचा. वर तुम्ही शहरातले लोक त्याला ‘साधेपणा’ म्हणून ओवाळणार. आणि शेवटी, “कंपनीने किती दिले?”

शेवटचं आधी मिटवतो. गाडी माझ्या मेहुण्याची आहे, हप्ते तोच भरतो. त्याचा सातपूरला थंड पाण्याच्या जारचा धंदा आहे. मला मिळाला तो पाथर्डी फाट्यावरचा चहा, आणि त्याचे पैसेही मीच दिले.

आता साठ कॅरेट. एका कॅरेटमध्ये वीस किलो माल, कॅरेटचं स्वतःचं वजन धरून बावीसच्या आसपास. साठ कॅरेट म्हणजे तेराशे किलोच्या वर. पाऊण टनाच्या गाडीत तुम्ही सव्वा टनाहून जास्त भरता आणि ती ओढते, म्हणून ती दणकट. दादा, ती ओढते हे खरं, पण फुकट ओढत नाही. स्प्रिंगचे पाटे बदलावे लागतात, क्लच प्लेट लवकर जाते, मागचे टायर हंगामाच्या शेवटी गुळगुळीत होतात. हा खर्च गॅरेजच्या वहीत जातो, गाडीच्या किमतीत धरला जात नाही. आणि काट्यावर आरटीओने धरलं तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडचा दंड वीस हजारांपासून सुरू होतो, वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वेगळे.

इलेक्ट्रिक गाडीत हा खर्च लपत नाही, एवढाच फरक. मेहुण्याच्या पोऱ्याने एकदा हौसेने जारवर जार रचले होते. मी शेजारी बसलो होतो. पांडवलेणीच्या बाजूला चढ लागला आणि समोरच्या पडद्यावर उरलेल्या किलोमीटरचा आकडा असा उतरायला लागला, की पोऱ्याने स्वतःहून गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, “शेट, आपण जास्त भरलंय का?” डिझेलच्या गाडीवर हा प्रश्न त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता. तिथे चढावर काळा धूर निघतो, आपण गिअर पाडतो आणि पुढे जातो.

तेव्हा तुमचं भांडण गाडी विजेवर चालण्याशी नाहीच, ७५० किलोशी आहे. एस प्रोची पेट्रोल गाडीही तेवढ्याच वजनाला पास आहे. तुम्हाला सव्वा टन रोजचं लागत असेल तर मोठं पिकअप घ्या. त्यात माझं काही म्हणणं नाही. पण पाऊण टनाच्या गाडीला सव्वा टन जमत नाही म्हणून खेळणं ठरवू नका.

घाटाचं. दम तोडेल असं नाही. ईव्हीच्या मोटरचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, १०४ न्यूटन मीटर आहे, त्याच गाडीच्या पेट्रोल इंजिनाचा ५५, आणि मोटरचा टॉर्क जागेवरूनच मिळतो. खरा प्रश्न बॅटरीत किती उरतं हा. कसाऱ्याहून इगतपुरीला वर यायचं म्हणजे सुमारे तीनशे मीटरची चढण, रेल्वेलासुद्धा तिथे मागून जादा इंजिनं लावावी लागतात. गाडी आणि माल मिळून दीड टन धरलं तर नुसतं तेवढं वर उचलायला सव्वा युनिट वीज लागते. मोटरमध्ये वाया जाते ती धरून दीड म्हणा. बॅटरी आहे १४.४ युनिटची. म्हणजे एका घाटाला दहावा हिस्सा गेला. उतरताना त्यातलं थोडं परत येतं. घाट चढेल, पण नाशिकहून वाशीच्या मार्केटला माल न्यायला ही गाडी घेऊ नये हेही तितकंच खरं. दीड-पावणेदोनशे किलोमीटर एका दमात तिच्याकडून होणार नाहीत. मी तसं लिहिलंही नव्हतं.

१५५ चा आकडा कागदी आहे यावर आपलं एकमत. भरलेल्या गाडीला, सिग्नलवर थांबत-निघत, मी शंभरच धरतो. त्या शंभराला चार्जिंगमधली गळती धरून सोळा युनिट. युनिट बारा रुपयांना धरा, किलोमीटरला दोन रुपयांच्या आत येतं. पेट्रोलची गाडी लिटरला अठरा देते असं धरा, किलोमीटरला पावणेसहा तरी जातात. महिन्याला दोन हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे सात-साडेसात हजार वाचतात. २०२५ च्या जूनमध्ये गाडी आली तेव्हा किमती होत्या पेट्रोल ३.९९ लाख, सीएनजीवाली ४.९९ आणि ईव्ही ६.५० लाख. त्या किमती धरून पेट्रोलशी तुलना केली तर जादाचे अडीच लाख पावणेतीन-तीन वर्षांत सुटतात. सीएनजीशी केली तर माझ्या हिशेबाने तीन वर्षं किंवा थोडी जास्त. यातले मायलेज आणि दर सगळे धरलेले आहेत, तुम्ही तुमचे घाला. रोज चाळीस किलोमीटरच फिरणार असाल तर हाच हिशेब दुप्पट लांबतो, मग घेऊच नका. सरकारकडूनही फार आशा नको. केंद्राने २०२५ च्या जुलैमध्ये ई-ट्रकला अनुदान जाहीर केलं, पण ते साडेतीन टनांच्या वरच्या गाड्यांना. ज्याला दोन पैशांची खरी गरज, तो छोटा गाडीवाला त्यातून बाहेर.

मेहुण्याला परवडते, कारण त्याचं काम तिच्या मापाचं आहे. सकाळी पस्तीसेक भरलेले जार घेऊन निघायचं, सिडको, इंदिरानगर, अंबडच्या कारखान्यांत उतरवत जायचं आणि रिकामे घेऊन परत. वजन दर गल्लीला कमी होत जातं. दर पन्नास पावलांवर थांबा, आणि क्लच नाही. पहिल्या दिवशी डावा पाय सारखा हवेत क्लच शोधत होता म्हणे. आता गुडघा दुखत नाही म्हणून तो खूश आहे. एक गंमत मात्र झाली. पूर्वी इंजिनाचा आवाज आला की बायका रिकामा जार घेऊन दारात यायच्या. आता आवाजच नाही, म्हणून पोऱ्याला भाजीवाल्यासारखी आरोळी द्यावी लागते.

साधेपणाबद्दल तुम्ही चिडलात ते स्लेटमुळे. २०२५ च्या एप्रिलमध्ये तो ट्रक दाखवला तेव्हा हाताने फिरवायच्या काचा, रेडिओ नाही, बाहेरून रंगसुद्धा नाही, याचं तिकडे अप्रूप झालं. वीस हजार डॉलरच्या आत मिळेल म्हणत होते, तेही सरकारी सवलत धरून, आणि ती सवलत सप्टेंबरअखेर बंद झाली. आपल्याला त्यात नवल काय? २००५ साली पहिली एस आली ती दोन सिलिंडरचं, १६ हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन घेऊन, आणि रेडिओ कुठाय असं तिला कुणी विचारलं नाही. मी स्लेटचं नाव घेतलं ते एवढ्याचसाठी, की मालाच्या गाडीत जे नसतं ते बिघडतही नाही. हे तिकडच्यांना आत्ता पटतंय.

तुमची एक गोष्ट मात्र मला पूर्ण मान्य, आणि ती तुम्ही प्रतिक्रियेत ओझरती लिहिलीत: लाईट. सातपूरला रात्री प्लग लावला की सकाळी गाडी भरलेली. मळ्यातल्या वस्तीवर घराची लाईटही शेतीच्या फिडरवरून (शेतीपंपांच्या वीजवाहिनीवरून) येत असेल, एका आठवड्याला दिवसा आणि एका आठवड्याला रात्री, तर पहाटे माल तोडून बाजार समिती गाठणाऱ्याने या गाडीच्या भरवशावर राहू नये. गावठाणात घर असेल तर गोष्ट वेगळी. किंमत, घाट, कॅरेट या सगळ्यांपेक्षा तुमच्यासाठी हाच मुद्दा मोठा आहे, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात तो सापडणार नाही.

ट्रायल घ्यायचीच असेल तर शोरूमच्या रिकाम्या गाडीत चक्कर मारू नका. चौतीस कॅरेट भरा, वजनकाट्यावर चढवा, मग चांदवडच्या बाजूला राहूड घाटापर्यंत जाऊन या. काट्याची पावती आणि परत आल्यावर पडद्यावर उरलेला आकडा, दोन्हींचे फोटो इथे टाका. तुमचे आकडे आले की माझा शंभराचा अंदाज त्यांना लावून बघू.